विद्यापीठ : संज्ञा व उत्पत्ती

विद्यापीठ : उच्च शिक्षण देणारी, ज्ञानाच्या विविध शाखांत संशोधन करणारी, परीक्षा घेऊन पदव्या प्रदान करणारी आणि सनदेने वा कायद्याने स्वतंत्र अस्तित्व लाभलेली संस्था. इंग्रजी ‘युनिव्हर्सिटी’ या शब्दाला मराठीत ‘विद्यापीठ’ हा प्रतिशब्द रूढ आहे. हिंदी, बंगाली इ. भाषांत त्यासाठी ‘विश्वविद्यालय’ हा शब्द वापरतात. या तिन्ही शब्दांचे मूळ अर्थ परस्परांहून भिन्न आहेत. पहिला शब्द माणसांच्या संघटनेचा, दुसरा विद्येच्या आसनाचा व तिसरा सर्व विद्यांच्या निवासस्थानाचा वाचक आहे. विद्यापीठ ही संस्था नेमकी कशामुळे विद्यापीठ ठरते, या प्रश्नाची तीन उत्तरे या तीन शब्दांत दडलेली आहेत आणि त्यामुळे या संज्ञांचा इतिहास हा केवळ व्युत्पत्तिशास्त्राचा विषय राहत नाही.

लॅटिन ‘उनिव्हर्सितास’ : युनिव्हर्सिटी हा शब्द लॅटिन ‘उनिव्हर्सितास’ या शब्दापासून फ्रेंच भाषेमार्फत इंग्रजीत आला. ‘एकत्र आणलेले’, ‘सगळे मिळून एक’ असा त्याचा धात्वर्थ. रोमन कायद्यात अनेक व्यक्तींच्या समूहाला एकच विधिमान्य व्यक्ती मानले जाई, तेव्हा अशा समूहास हा शब्द लावीत. नगरसभा, कारागिरांचे संघ, व्यापाऱ्यांच्या श्रेणी यांपैकी कोणतीही संघटना उनिव्हर्सितास म्हणवून घेऊ शकत असे. ‘कॉलेज’ या शब्दाचे मूळ असलेला ‘कोलेगियुम’ हा शब्दही याच परंपरेतील असून त्याचा अर्थ सहकाऱ्यांचा संघ असा होतो. किमान तीन व्यक्ती असल्याखेरीज कोलेगियुम होत नाही, असा रोमन विधिवेत्त्यांचा दंडक होता. मध्ययुगात ‘उनिव्हर्सितास’ हा शब्द एकटा उच्चारला, तर त्यावरून शिक्षणाचा बोध होत नसे. कोणाचा संघ, हे सांगावे लागे. म्हणूनच पॅरिस येथील संस्थेचा उल्लेख तेराव्या शतकाच्या पूर्वार्धातील कागदपत्रांत ‘अध्यापकांचा व विद्यार्थ्यांचा संघ’ अशा पूर्ण शब्दांत येतो. पुढे वापराने विशेषण गळून पडले आणि ‘संघ’ एवढाच शब्द शिक्षणसंस्थेचा वाचक बनला.

सर्व विषय शिकविले जातात म्हणून युनिव्हर्सिटी, ही समजूत सर्वत्र आढळते. परंतु इतिहासाचा तिला आधार नाही. मध्ययुगीन युरोपातील फार थोड्या विद्यापीठांत कला, धर्मशास्त्र, विधी व वैद्यक या चारही विद्याशाखा होत्या. बोलोन्याची ख्याती विधिशास्त्रासाठी होती, तर पॅरिसची धर्मशास्त्र व तर्कशास्त्र यांसाठी. ही समजूत दृढ होण्यास एकोणिसाव्या शतकातील विचारवंत बऱ्याच अंशी कारणीभूत झाले. १८१० मध्ये बर्लिन येथे स्थापन झालेल्या विद्यापीठामागे सर्व ज्ञानाची एकात्मता ही कल्पना होती. जॉन हेन्री न्यूमन यांनी १८५२ मध्ये डब्लिन येथे दिलेल्या व्याख्यानांत विद्यापीठ हे सार्वत्रिक ज्ञानाच्या अध्यापनाचे स्थान होय, असे प्रतिपादन केले. आदर्श म्हणून ही कल्पना मोलाची आहे; शब्दाचा मूळ अर्थ म्हणून मात्र ती ग्राह्य धरता येत नाही.

‘स्तुदियुम जेनेराले’ : ज्या संस्थेला आज आपण विद्यापीठ म्हणतो, तिला मध्ययुगात ‘स्तुदियुम जेनेराले’ ही संज्ञा होती. यातील ‘जेनेराले’ म्हणजे ‘सर्वसाधारण’ हे विशेषण विषयांना उद्देशून नसून विद्यार्थ्यांना उद्देशून आहे. केवळ स्थानिकच नव्हे, तर सर्व प्रदेशांतील विद्यार्थी जेथे येतात ते स्तुदियुम जेनेराले, असा त्याचा आशय होता. अशा संस्थेत अध्यापनाचा परवाना मिळविलेल्या व्यक्तीस अन्यत्र कोठेही पुन्हा परीक्षा न देता शिकविता येते, हे तत्त्व तेराव्या शतकात मान्यता पावले. पोप नववा ग्रेगरी याने १२३३ मध्ये तूलूझ येथील संस्थेस हा अधिकार स्पष्ट शब्दांत दिला. कॅस्टीलचा राजा दहावा अल्फॉन्सो याच्या विधिसंहितेत विद्या शिकण्याच्या हेतूने एका ठिकाणी जमलेला अध्यापकांचा व विद्यार्थ्यांचा समुदाय, अशी ‘स्तुदियुम’ची व्याख्या केलेली आहे. या व्याख्येत इमारतीचा वा ग्रंथालयाचा उल्लेख नाही, ही गोष्ट लक्षणीय आहे. आरंभीच्या विद्यापीठांजवळ स्वतःच्या वास्तूही क्वचितच असत. व्याख्याने भाड्याच्या खोल्यांत व सभा चर्चमध्ये होत. स्थावर मालमत्ता नसल्याने नगराशी बेबनाव झाल्यास सबंध संस्था दुसरीकडे हलविता येई. १२०९ मध्ये ऑक्सफर्ड सोडून गेलेल्या विद्वानांमुळे केंब्रिजचा व १२२२ मध्ये बोलोन्याहून निघालेल्या विद्यार्थ्यांमुळे पादुआचा उदय झाला.

बोलोन्या व पॅरिस : संघ म्हणून विद्यापीठाची दोन प्रारूपे युरोपात निर्माण झाली. बोलोन्यात विधिशास्त्र शिकण्यासाठी दूरदूरच्या देशांतून प्रौढ विद्यार्थी येत. परक्या नगरात त्यांना नागरिकत्वाचे संरक्षण नव्हते. घरभाडे, ग्रंथांच्या किंमती, न्यायालयीन दाद या सर्व बाबतींत ते असहाय असत. सम्राट पहिला फ्रीड्रिख (बार्बारोसा) याने बाराव्या शतकाच्या मध्यास विद्येसाठी प्रवास करणाऱ्यांना संरक्षण देणारा आदेश काढला होता. पुढे विद्यार्थ्यांनी आपापल्या देशांनुसार मंडळे स्थापिली आणि त्यांतून आल्प्सच्या अलीकडील व पलीकडील विद्यार्थ्यांचे असे दोन मोठे संघ बनले. हे संघ आपला प्रमुख (रेक्टर) निवडीत, अध्यापकांशी करार करीत, उशिरा येणाऱ्या वा पाठ अपुरा ठेवणाऱ्या अध्यापकांस दंडही करीत. बोलोन्याचे रहिवासी असलेले विद्यार्थी या संघांचे सभासद नसत, कारण नागरिक या नात्याने त्यांना वेगळ्या संरक्षणाची गरज नव्हती. अध्यापकही संघाबाहेर असत. त्यांचे स्वतंत्र मंडळ होते आणि परीक्षा घेण्याचा अधिकार त्या मंडळाकडे होता.

पॅरिसमध्ये याच्या उलट अध्यापकांचा संघ प्रबळ ठरला. तेथे अध्यापनाचा परवाना नोत्रदाम कॅथीड्रलचा चान्सेलर देत असे. परवाना कोणास द्यावा, यावरून त्याचा व अध्यापकांचा दीर्घकाल झगडा चालला. १२२९ मध्ये नगररक्षकांच्या हातून काही विद्यार्थी मारले गेले, तेव्हा अध्यापकांनी व्याख्याने बंद केली व अनेकजण पॅरिस सोडून गेले. सुमारे दोन वर्षांनंतर, १२३१ मध्ये, नवव्या ग्रेगरीने काढलेल्या आदेशान्वये संघाचा स्वतःचे नियम करण्याचा व अन्याय झाल्यास अध्यापन स्थगित करण्याचा अधिकार मान्य झाला. स्वायत्तता हा आज विद्यापीठाचा आवश्यक गुणधर्म मानला जातो. तिचा उगम अशा संघर्षांत व संघाच्या विधिमान्य स्वरूपात आहे. पुढील काळात मात्र पोप वा राजा यांच्या सनदेने विद्यापीठ स्थापन करण्याची प्रथा पडली. सम्राट दुसरा फ्रीड्रिख याने १२२४ मध्ये नेपल्स येथे स्थापिलेले विद्यापीठ हे राजाज्ञेने निर्माण झालेल्या विद्यापीठांचे प्रारंभीचे उदाहरण होय.

इतर संस्कृतींतील संज्ञा : ग्रीकांकडील ‘अकॅडेमी’ हा शब्द स्थलनाम होय. अथेन्सजवळील अकॅडेमस या वीराच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या उपवनात प्लेटोने इ. स. पू. सु. ३८७ मध्ये आपली पाठशाला स्थापिली, त्यावरून तो रूढ झाला. अरबीतील ‘मदरसा’ म्हणजे अध्ययनाचे स्थान. विद्यापीठासाठी आधुनिक अरबीत ‘जामिआ’ हा शब्द योजितात. त्याचा धात्वर्थ ‘एकत्र करणे’ असल्याने तो ‘उनिव्हर्सितास’च्या बराच निकट आहे. कैरो येथील १९०८ मधील मिसरी विद्यापीठ, हैदराबाद संस्थानातील १९१८ चे उस्मानिया व १९२० मध्ये अलीगढ येथे स्थापन झालेले जामिया मिल्लिया इस्लामिया यांच्या नावांत हाच शब्द आहे. फार्सीतील ‘दानिशगाह’ (ज्ञानाचे स्थान) हा शब्द रचनेच्या दृष्टीने ‘विद्यापीठ’ या शब्दाचा जणू जुळा भाऊ होय. चिनी ‘दाश्वे’ व जपानी ‘दाइगाकू’ या एकाच चित्रलिपीत लिहिल्या जाणाऱ्या शब्दांचा अर्थ ‘महाविद्या’ असा असून कन्फ्यूशियन परंपरेतील एका ग्रंथाचेही ते नाव आहे.

प्राचीन भारतातील संज्ञा : प्राचीन भारतात उच्च शिक्षणाची केंद्रे होती, मात्र त्यांना त्या काळी ‘विद्यापीठ’ म्हणत नसत. वेदाच्या एका शाखेचे अध्ययन करणाऱ्यांच्या समुदायास ‘चरण’ व विद्वानांच्या सभेस ‘परिषद’ म्हणत. बृहदारण्यकोपनिषदात श्वेतकेतू पांचालांच्या परिषदेत गेल्याची कथा आहे. तक्षशिलेची ख्याती जातककथांवरून दिसते. पण तेथे एका व्यवस्थेखाली चालणारी संस्था नसून स्वतंत्रपणे शिकविणारे अनेक आचार्य होते. दक्षिणेत ‘घटिका’, ‘अग्रहार’, ‘ब्रह्मपुरी’, ‘मठ’ व ‘शाला’ या संज्ञा कोरीव लेखांत आढळतात. कदंब वंशाचा संस्थापक मयूरशर्मा हा अध्ययनासाठी कांचीच्या घटिकेत गेला होता, असे तालगुंद येथील लेखात म्हटले आहे. विजापूर जिल्ह्यातील साळोटगी येथील राष्ट्रकूटकालीन लेखात (इ. स. ९४५) निरनिराळ्या प्रदेशांतून आलेल्या विद्यार्थ्यांच्या शालेस दिलेल्या दानांची नोंद आहे. महाराष्ट्रात चाळीसगावनजीकच्या पाटण येथे भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आपल्या आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिला. त्यासंबंधीच्या शके ११२८ च्या शिलालेखातील काही मजकूर तत्कालीन मराठीत असून त्यात बाजारातील मालावरील कराचा भाग ‘मढा’ला, म्हणजे मठाला, दिल्याचा उल्लेख आहे. उच्च शिक्षणाच्या संस्थेला सार्वजनिक उत्पन्नातून तरतूद केल्याची ही मराठीतील अत्यंत जुनी नोंद होय.

नालंदा, विक्रमशिला, ओदंतपुरी या बौद्ध केंद्रांना ‘महाविहार’ म्हणत. नालंदा येथील उत्खननात सापडलेल्या मातीच्या मुद्रांवर ‘श्रीनालंदामहाविहारीय आर्यभिक्षुसंघ’ असे नाव षष्ठी विभक्तीत कोरलेले आहे. ही मुद्रा कोणा आचार्याची वा राजाची नाही. ती संघाची आहे. ग्रामदाने या संस्थेच्या नावे दिली जात आणि सामुदायिक कारभार संघाच्या मुद्रेने प्रमाणित होई. पालराजा देवपाल याच्या ताम्रपटात सुवर्णद्वीपाचा राजा बालपुत्रदेव याने नालंदा येथे बांधविलेल्या विहारासाठी पाच गावे दिल्याचा उल्लेख आहे. बोलोन्या व पॅरिस यांच्या उदयापूर्वी कित्येक शतके भारतात विद्वानांचा संघ कायमस्वरूपी विधिमान्य व्यक्ती म्हणून व्यवहार करीत होता, हे या मुद्रांवरून स्पष्ट होते. परवाना वा पदवी देण्याची व्यवस्था मात्र युरोपीय पद्धतीची नव्हती. नालंदेचा उल्लेख ‘विद्यापीठ’ असा करताना हे साम्य व हा भेद दोन्ही ध्यानात ठेवणे इष्ट ठरते.

‘विद्यापीठ’ शब्दाचा अर्थ : ‘विद्’ म्हणजे जाणणे या धातूपासून ‘विद्या’ हा शब्द बनला आहे. ‘पीठ’ म्हणजे आसन, चौरंग, सिंहासन. त्यावरून देवतेचे अधिष्ठान व पुढे अधिकाराचे स्थान असे अर्थ विकसित झाले. शक्तिपीठ, धर्मपीठ, व्यासपीठ, न्यायपीठ या शब्दांत ही छटा स्पष्ट दिसते. काश्मीरातील शारदापीठ व शंकराचार्यांच्या चरित्रकथांतील सर्वज्ञपीठ यांमुळे पीठ व विद्वत्ता यांचा संबंध परंपरेत दृढ झाला होता. ‘विद्यापीठ’ हा सामासिक शब्दही जुना आहे. पण त्याचा एक जुना अर्थ आजच्या वाचकास अनपेक्षित वाटेल असा आहे. शैव तंत्रग्रंथांच्या वर्गीकरणात भैरवतंत्रांचे मंत्रपीठ व विद्यापीठ असे भाग केले जात. तेथे ‘विद्या’ म्हणजे स्त्रीदेवतेचा मंत्र आणि ‘पीठ’ म्हणजे ग्रंथसमूह असा अर्थ होता. शिक्षणसंस्था हा शब्दाचा अर्थ आधुनिक काळात प्रस्थापित झाला.

आधुनिक भारतातील वापर : वुडच्या अहवालातील (१८५४) शिफारशींनुसार १८५७ मध्ये कलकत्ता, मुंबई व मद्रास येथे विद्यापीठे स्थापन झाली. त्यांचा नमुना तत्कालीन लंडन विद्यापीठाचा होता. महाविद्यालयांना संलग्न करून घेणे, परीक्षा घेणे व पदव्या देणे एवढेच त्यांचे कार्य असल्याने अध्यापक-विद्यार्थ्यांचा संघ हा शब्दाचा मूळ अर्थ येथे जवळजवळ लोपला होता. विद्यापीठांनी स्वतः अध्यापन करण्यास वाव देणारी तरतूद १९०४ च्या कायद्याने झाली. एकोणिसाव्या शतकातील मराठी लेखनात या संस्थेसाठी बहुधा ‘युनिव्हर्सिटी’ हाच शब्द येतो.

विसाव्या शतकाच्या आरंभी राष्ट्रीय शिक्षणाच्या चळवळीबरोबर देशी संज्ञांची गरज भासू लागली. धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ मध्ये महिलांसाठी विद्यापीठ स्थापिले व त्यात मातृभाषेतून शिक्षणावर भर दिला. असहकारितेच्या काळात सरकारी शिक्षणसंस्थांवरील बहिष्काराला विधायक जोड म्हणून गुजरात विद्यापीठ (१९२०), काशी विद्यापीठ, बिहार विद्यापीठ व पुण्याचे टिळक महाराष्ट्र विद्यापीठ (१९२१) या संस्था निघाल्या. सरकारी सनद नसताना पदव्या देण्याचा अधिकार त्यांनी आपल्या हाती घेतला. ‘विद्यापीठ’ या शब्दाला त्या काळी स्वावलंबनाचा जो अर्थ प्राप्त झाला, तो या संस्थांमुळे. हिंदीभाषी प्रदेशात या शब्दाचा वापर अशा संस्थांपुरता राहिला आणि कायद्याने स्थापित संस्थांसाठी बनारस हिंदू विश्वविद्यालयाप्रमाणे ‘विश्वविद्यालय’ हा शब्द स्थिरावला. मराठीत मात्र मुंबई विद्यापीठ, नागपूर विद्यापीठ (१९२३), पुणे विद्यापीठ (१९४८) अशा सर्व संस्थांना हाच शब्द लागू झाला. कोकणीतही गोवा विद्यापीठासाठी (१९८५) ‘विद्यापीठ’ हाच शब्द आहे. वर्धा येथील महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय (१९९७) हे महाराष्ट्रात असूनही हिंदी परंपरेतील नाव धारण करते.

‘विश्वविद्यालय’ हा शब्द ‘युनिव्हर्सिटी’तील ‘युनिव्हर्स’ म्हणजे विश्व, या अर्थबोधावरून घडविलेला दिसतो. म्हणजे वर निर्दिष्ट केलेली प्रचलित समजूत त्यात गोठलेली आहे. मलयाळम् ‘सर्वकलाशाला’ हा शब्दही त्याच वळणाचा. तमिळमधील ‘पल्कलैक्कळगम्’ या शब्दात ‘अनेक कला’ व ‘कळगम्’ म्हणजे संघ अशी जोड असल्याने विषयांची विविधता व माणसांचा समुदाय हे दोन्ही अर्थ त्यात एकवटले आहेत.

संबंधित पदनामे : विद्यापीठीय परिभाषेतही प्रांतभेद आढळतो. महाराष्ट्रात ‘चान्सेलर’ म्हणजे कुलपती व ‘व्हाइस-चान्सेलर’ म्हणजे कुलगुरू. हिंदी प्रदेशात हेच अधिकारी अनुक्रमे कुलाधिपती व कुलपती म्हणविले जात. एकाच शब्दाने दोन प्रांतांत दोन भिन्न पदांचा बोध होत असल्याने भाषांतरात घोटाळे होतात. मध्य प्रदेशाने २०२४ मध्ये व राजस्थानने २०२५ मध्ये ‘कुलपती’ऐवजी ‘कुलगुरू’ हे पदनाम स्वीकारण्याचा निर्णय घेतला. प्राचीन ग्रंथांत कुलपती म्हणजे दहा सहस्र शिष्यांचे पोषण करून त्यांना शिकविणारा ऋषी. त्या मानाने ‘चान्सेलर’ या शब्दाचे मूळ साधे आहे : न्यायालयातील जाळीच्या कठड्यापाशी बसणारा कारकून. ‘डॉक्टर’ म्हणजे शिकविणारा आणि ‘डिग्री’ म्हणजे पायरी. संस्कृत ‘पदवी’ या शब्दाचा मूळ अर्थही मार्ग, पावलांची वाट असा आहे.

संज्ञेचे विधिमान्य स्वरूप : स्वतंत्र भारतात विद्यापीठ अनुदान आयोग अधिनियम, १९५६ याने संज्ञेला कायद्याची चौकट दिली. केंद्राच्या वा राज्याच्या कायद्याने स्थापन झालेली विद्यापीठे, अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळालेल्या संस्था व संसदेने खास अधिकार दिलेल्या संस्था यांनाच पदव्या देता येतात (कलम २२). विहित रीतीने स्थापन न झालेल्या संस्थेस आपल्या नावात ‘युनिव्हर्सिटी’ हा शब्द वापरण्यास मनाई आहे (कलम २३). सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ मधील एका निर्णयानंतर अभिमत संस्थांनाही नावातील या शब्दाच्या वापराबाबत निर्बंध पाळावे लागले. राष्ट्रीय चळवळीतील विद्यापीठांचा प्रवास या दृष्टीने उद्‌बोधक आहे. गुजरात विद्यापीठास १९६३ मध्ये व टिळक महाराष्ट्र विद्यापीठास १९८७ मध्ये अभिमत दर्जा मिळाला. म्हणजे ज्या नावाने त्यांनी सरकारी मान्यतेस नकार दिला होता, त्याच नावाला अनेक दशकांनंतर कायद्याची मान्यता लाभली. दिल्ली व तिरुपती येथील राष्ट्रीय संस्कृत विद्यापीठे २०२० मध्ये केंद्रीय कायद्याने पूर्ण विद्यापीठे बनली, तेव्हा त्यांच्या नावातील ‘विद्यापीठ’ जाऊन ‘विश्वविद्यालय’ आले.

कायद्याच्या दृष्टीने विद्यापीठ म्हणजे पदवी देण्याचा अधिकार असलेली संस्था. पदवीच्या खरेपणाची हमी विद्यार्थ्यास व समाजास मिळावी म्हणून ही व्याख्या आवश्यक आहे; बनावट संस्थांकडून होणारी फसवणूक तिच्याच आधारे रोखली जाते. तथापि परवाना देण्याचा अधिकार हे संघाच्या अनेक अधिकारांपैकी केवळ एक अंग होते. पाठ्यक्रम ठरविणे, सहकारी निवडणे, आपले नियम आपण करणे आणि देशोदेशींच्या विद्यार्थ्यांस समान प्रवेश देणे ही त्याची इतर अंगे होत. अधिसभा, विद्यापरिषद, विद्याशाखा, विद्यार्थी परिषद या आजच्या मंडळांच्या रूपाने मूळ ‘उनिव्हर्सितास’चे अवशेष टिकून आहेत, ही मंडळे जितकी कार्यक्षम, तितका शब्दाचा मूळ अर्थ जिवंत राहतो.

पहा : अकादमी, गुरुकुल, तक्षशिला, नालंदा, पदवी, महाविद्यालय, मदरसा, राष्ट्रीय शिक्षण.